आधी धन्यवाद, मग वाचन : रब्बी योसेफ कारो यांची जीवनकथा

स्पेन देशाचा राजा फर्डिनांड व राणी इसाबेला यांनी १४९२ सालच्या मार्च महिन्याच्या ३१ तारखेस एक फर्मान काढले. राज्यातील सर्व यहूदी लोकांनी जुलैअखेर देश सोडून जावे, असे ते फर्मान होते. सोने, रुपे व नाणी बरोबर नेण्याची मनाई होती. बाप्तिस्मा घेईल त्याला मात्र राहता येत होते. हजारो कुटुंबांनी बापजाद्यांची घरे, मळे आणि दुकाने मिळेल त्या किमतीला विकली व ती वाट धरून चालू लागली. त्या लोकांबरोबर चार वर्षांचा एक मुलगाही आपल्या घरच्यांबरोबर निघाला, असे मानतात. त्याचे नाव योसेफ कारो.

हा मुलगा १५७५ साली, सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन, गालीलातील एका डोंगरी गावात मरण पावला. मधल्या काळात त्याने एक ग्रंथ लिहिला. यहूदी माणसाने सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत कसे वागावे हे त्यात सांगितले आहे, आणि साडेचारशे वर्षे लोटली तरी जगभरचे धर्मनिष्ठ यहूदी त्याचा आधार घेतात. त्यातल्या एका लहानशा नियमाकडे आम्हांला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. देवाचे वचन वाचण्यापूर्वी, ते वचन दिल्याबद्दल देवाचा धन्यवाद करावा, असा तो नियम. जो माणूस लहानपणीच देशोधडीला लागला त्याने हा नियम लिहिताना काय मनात आणले असेल, याचा विचार आम्ही पुष्कळ दिवस करीत आहोत.

ही कथा सांगताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. ते फर्मान काढणारे राजाराणी ख्रिस्ती होते. ते रोमन कॅथोलिक होते, आपण प्रॉटेस्टंट आहोत, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. मार्टिन लूथर हे योसेफाहून अवघ्या पाच वर्षांनी मोठे. त्यांनी १५४३ साली यहूदी लोकांविरुद्ध एक पुस्तक लिहिले व त्यात त्यांची सभास्थाने जाळावी असा सल्ला दिला. ज्या लोकांकडून आपल्याला जुना करार मिळाला, त्यांच्याशी आपल्या वडीलधाऱ्यांनी असे वर्तन केले. म्हणून रब्बी कारो यांच्या चरित्राकडे आपण नम्रतेनेच गेले पाहिजे.

घर गेले, ग्रंथ राहिला

योसेफाचा जन्म १४८८ साली झाला. तो तोलेदो शहरात झाला असे सांगतात. स्पेनातून निघालेले बहुतेक लोक शेजारच्या पोर्तुगालात गेले. तेथेही त्यांना थारा मिळाला नाही. १४९७ साली पोर्तुगालच्या राजाने यहूदी लोकांना जबरदस्तीने बाप्तिस्मा देवविला. कारो घराणे पूर्वेकडे, तुर्की सुलतानाच्या राज्यात गेले. सुलतानाने ह्या निर्वासितांना आसरा दिला होता. आज बल्गेरियात असलेले निकोपोल आणि तुर्कस्तानातील आद्रियानोपल ह्या शहरांत योसेफाची तारुण्याची वर्षे गेली.

वडील एफ्राईम हे त्याचे पहिले गुरू. ते लवकर वारले. मग चुलते इसहाक कारो यांनी पुतण्याला पोटच्या मुलासारखे वाढविले व शिकविले. हे चुलतेही विद्वान होते. त्यांनी मोशेच्या पाच पुस्तकांवर टीका लिहिली आहे. पुढे योसेफाने संसार मांडला, पण मृत्यू त्या घरात पुन्हा पुन्हा शिरला. पत्नी व लेकरे यांच्या वियोगाचे दुःख त्यांनी एकाहून अधिक वेळा सोसले.

देश, घर, बाप, बायको, लेकरे. एकामागून एक सारे हातातून सुटत गेलेल्या माणसाजवळ काय उरते? रब्बी कारो यांच्याजवळ तोरा उरली. तोरा म्हणजे मोशेचे नियमशास्त्र, आणि अधिक व्यापक अर्थाने देवाची सारी शिकवण. स्पेनातील विद्यालये मोडली होती. गुरूंची व शिष्यांची फाटाफूट झाली होती. स्पेनचे, पोर्तुगालचे, जर्मनीचे, इटलीचे यहूदी एकाच शहरात येऊन पडले होते, आणि प्रत्येकाचा रिवाज निराळा. एकाच गल्लीत दहा प्रकारचे नियम चालत. असेच चालू राहिले तर आपल्या लोकांजवळ एक नियमशास्त्र न राहता अनेक होतील, ही भीती रब्बी कारो यांना वाटू लागली.

म्हणून १५२२ साली, आद्रियानोपल येथे, वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांनी एक मोठे काम हाती घेतले. दोनशे वर्षांपूर्वी तोलेदो शहरातच याकोब बेन आशेर नावाच्या रब्बींनी नियमांचा एक ग्रंथ चार भागांत लिहिला होता. त्या ग्रंथाच्या प्रत्येक नियमाचे मूळ शोधावयाचे, तालमूदपासून खाली आलेली सर्व मते तपासावयाची आणि निर्णय द्यावयाचा, असे ते काम होते. निर्णयासाठी त्यांनी तीन थोर आचार्य निवडले: इसहाक अल्फासी, मोशे मैमोनिदेस आणि याकोबाचे वडील आशेर बेन यहीएल. ह्या तिघांपैकी दोघांचे जेथे जुळेल ते साधारणपणे ग्राह्य धरावे, अशी त्यांची रीत होती. ह्या ग्रंथाला त्यांनी 'बेथ योसेफ', म्हणजे योसेफाचे घर, असे नाव दिले. तो लिहिण्यास वीस वर्षे लागली. पुढे आणखी बारा वर्षे ते त्यातल्या चुका दुरुस्त करीत होते. राहते घर ज्याला टिकविता आले नाही त्याने शब्दांचे घर बांधले, आणि ते आजवर उभे आहे.

साफेदची वाट

ह्याच वर्षांत दोन गोष्टी घडल्या. शलोमो मोल्खो नावाचा पोर्तुगालचा एक तरुण होता. त्याच्या घराण्यावर ख्रिस्ती धर्म लादलेला होता. तो पुन्हा यहूदी झाला. १५३२ साली इटलीतील मान्तोवा शहरात ख्रिस्ती न्यायासनाने त्याला जिवंत जाळविले. रब्बी कारो यांच्या मनावर ह्याचा खोल परिणाम झाला. आपल्यालाही देवाच्या नावासाठी असेच मरण यावे, अशी इच्छा त्यांनी आपल्या खाजगी वहीत वारंवार लिहून ठेवली आहे. ती इच्छा पुरी झाली नाही. देवाने त्यांना अग्नी दिला नाही, लेखणी दिली. आणि एका दिवसाचे मरण न देता चाळीसहून अधिक वर्षांचे बैठे, कंटाळवाणे, बारीक अक्षरांचे काम दिले. आपल्यापैकी किती जण मोठ्या त्यागाची स्वप्ने पाहतात आणि रोजच्या लहान कामाला कंटाळतात! त्यांनी ह्या चरित्राचा एवढा भाग जरूर ध्यानात ठेवावा.

दुसरी गोष्ट पन्नासाव्या दिवसाच्या सणाची, ज्याला आपण पेन्टेकॉस्ट म्हणतो त्या सणाची. सीनाय पर्वतावर देवाने नियमशास्त्र दिले त्याची आठवण यहूदी लोक त्या दिवशी करतात. रब्बी कारो, त्यांचे मित्र शलोमो अल्काबेत्स व आणखी काही जण एका वर्षी त्या सणाची सारी रात्र जागे राहून पवित्र शास्त्र वाचीत बसले. अल्काबेत्स यांनी त्या रात्रीची हकिकत पत्रात लिहून ठेवली आहे. वाचन चालू असता रब्बी कारो यांच्या मुखातून एक वाणी निघू लागली; ती सर्वांना धीर देऊ लागली व पवित्र देशात जाण्याचा आग्रह करू लागली, असे ते सांगतात. ही वाणी पुढेही त्यांना ऐकू येई. कधी ती उपदेश करी, कधी जास्त झोपल्याबद्दल व खाण्यापिण्याबद्दल रागे भरी. अशा वाणीविषयी आपण सावध असतो, आणि ते योग्यच आहे. पण वचन उघडून सारी रात्र देवापुढे बसलेली ती माणसे पाहून आपल्याला लाज वाटल्याशिवाय राहत नाही.

१५३६ साली रब्बी कारो साफेदला पोहोचले. गालीलच्या डोंगरावरील हे गाव त्या काळी लोकरीच्या कापडाच्या धंद्यावर भरभराटीला आले होते. विद्वानांचीही तेथे दाटी होती. तेथील मुख्य रब्बी याकोब बेराब यांनी १५३८ साली त्यांच्यावर हात ठेवून त्यांना दीक्षा दिली. रब्बी कारो तेथे न्यायाधीश झाले, विद्यालय चालवू लागले, आणि दूरदूरच्या देशांतून त्यांच्याकडे प्रश्नांची पत्रे येऊ लागली.

मांडलेले मेज

'बेथ योसेफ' हा ग्रंथ विद्वानांचा. साधा माणूस त्यात हरवून जाई. म्हणून म्हातारपणी रब्बी कारो यांनी त्याचे सार काढले. वाद बाजूला ठेवले, केवळ निर्णय दिले. १५६५ साली हे पुस्तक व्हेनिस शहरात छापून निघाले. त्याचे नाव 'शुल्खान आरूख', म्हणजे मांडलेले मेज. भुकेल्याने यावे, बसावे व जेवावे, असे. पुस्तकाचे त्यांनी तीस भाग पाडले, अशासाठी की रोज एक भाग वाचावा आणि दर महिन्यास पुस्तक पुरे व्हावे. लहान विद्यार्थ्यांनाही ते उपयोगी पडावे अशी त्यांची इच्छा होती.

सगळ्यांना ते मेज रुचले नाही. पोलंडमधील क्राकोव शहराचे रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी दाखवून दिले की, त्यात उत्तरेकडील यहूदी लोकांचे रिवाज आलेले नाहीत. मग त्यांनी त्या पुस्तकावर आपल्या टिपा लिहिल्या आणि त्यांना 'मेजावरील कापड' असे नाव दिले. त्यांनी निराळे मेज मांडले नाही, आहे त्याच मेजावर कापड घातले. मतभेद असूनही फूट न पाडण्याचा हा धडा आपल्या मंडळ्यांनी गिरवावा असा आहे. दोघांचे शब्द तेव्हापासून एकाच पानावर छापले जातात, आणि म्हणूनच ते पुस्तक सर्वांचे झाले.

सत्तेचाळिसावा भाग

ह्या पुस्तकाचा पहिला खंड रोजच्या जीवनाविषयी आहे. माणसाने सकाळी सिंहासारखे उठून आपल्या उत्पन्नकर्त्याच्या सेवेस लागावे, येथून तो सुरू होतो. उठणे, कपडे घालणे, हात धुणे असे करीत करीत सत्तेचाळिसाव्या भागात तोरावाचनापूर्वीच्या धन्यवादाचा विषय येतो. तेथे रब्बी कारो प्रथमच बजावतात की, ह्या बाबतीत फार काळजी घ्यावी.

हे धन्यवाद साधे आहेत. देवाने आम्हांला आपल्या वचनात गुंतून राहण्याची आज्ञा दिली, याबद्दल पहिला. मग विनंती की, ते वचन आमच्या तोंडी गोड लागावे, आणि आम्ही व आमच्या मुलाबाळांनी देवाला ओळखावे. शेवटी, सर्व लोकांतून आम्हांला निवडून देवाने आपली तोरा दिली, याबद्दल धन्यवाद. कोकणात तेल गाळण्याच्या धंद्यामुळे ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत त्या बेने इस्राएल लोकांच्या सकाळच्या प्रार्थनेतही हेच धन्यवाद आहेत.

त्यापुढचे नियम बारीक आहेत, पण प्रत्येकात काही अर्थ आहे. शास्त्र वाचणाऱ्याने धन्यवाद करावा, तसाच मिश्ना व तालमूद वाचणाऱ्यानेही करावा. जो वचने नुसती लिहितो, मोठ्याने वाचीत नाही, त्यानेही करावा. मनातल्या मनात चिंतन करणाऱ्याला मात्र त्याची सक्ती नाही. कोणी सकाळी धन्यवाद करून वाचले, मग आपल्या धंद्याला गेला आणि नंतर पुन्हा वाचावयास बसला, तर पुन्हा धन्यवाद करण्याची गरज नाही. कारण परत वचनाकडे येण्याचे त्याच्या मनात होतेच. हे वाचून आम्ही थबकलो. माणूस दुकानात तराजू धरून बसला आहे आणि तरी त्याचे वाचन मोडलेले नाही, कारण मन तेथेच आहे! आणखी एक नियम असा की, धन्यवाद केल्यावर लगेच थोडे तरी वाचावे, म्हणजे तो फुकट जाऊ नये. त्यासाठी गणनाच्या सहाव्या अध्यायातील याजकांचा आशीर्वाद म्हणण्याचा रिवाज रब्बी कारो नोंदवितात. आणि शेवटचा नियम एका ओळीचा आहे: स्त्रियांनीही हा धन्यवाद करावा.

सभास्थानातही तीच रीत. ज्याला वाचावयास बोलावतात तो आधी गुंडाळी उघडतो, वाचावयाची जागा पाहतो, मग धन्यवाद करतो. वाचून झाल्यावर पुन्हा करतो. आपल्याला हे अगदी परके वाटू नये. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा सर्व लोकांदेखत ग्रंथ उघडतो, परमेश्वराचा धन्यवाद करतो, आणि लोक हात वर करून आमेन म्हणतात. वाचन व अर्थ त्यानंतर. एकशे एकोणिसाव्या स्तोत्राच्या कर्त्यानेही बाराव्या वचनात आधी देवाचा धन्यवाद केला आहे, मग शिकविण्याची विनंती केली आहे. जेवणाविषयी अनुवादाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे की, जेवून तृप्त झाल्यावर धन्यवाद करावा. वचनाच्या बाबतीत मात्र यहूदी आचार्यांनी धन्यवाद आधी ठेवला. पोट भरल्यावर आभार मानणे सोपे आहे. वचनाचा धन्यवाद भुकेल्यापोटीच करावयाचा आहे.

देश का गेला?

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. यिर्मयाच्या नवव्या अध्यायात बाराव्या वचनात संदेष्टा विचारतो की, हा देश का नष्ट झाला, हे कोण शहाणा सांगू शकेल? तालमूदमधील आचार्य म्हणतात की, ह्या प्रश्नाचे उत्तर शहाण्यांना देता आले नाही, संदेष्ट्यांनाही देता आले नाही. शेवटी देवानेच दिले. त्याने म्हटले की, त्यांनी माझे नियमशास्त्र सोडले. आचार्यांनी त्याचा अर्थ असा केला: ते वाचण्यापूर्वी धन्यवाद करीत नसत.

प्रथम ऐकताना हे विचित्र वाटते. मूर्तिपूजा, रक्तपात, अन्याय ह्यांनी देश बुडाला हे आपण शाळेपासून शिकलो. दोन वाक्यांच्या प्रार्थनेवाचून का राज्य जाते? स्पेनातील गेरोना शहराचे रब्बी योना यांनी ह्याचा उलगडा केला, आणि रब्बी कारो यांनी तो आपल्या मोठ्या ग्रंथात जपून ठेवला. तो उलगडा असा की, ते लोक नियमशास्त्र वाचीत होते. रोज वाचीत होते. म्हणून तर शहाण्यांना आणि संदेष्ट्यांना बाहेरून दोष दिसला नाही. पण धन्यवाद करण्याइतके मोल त्यांच्या मनात त्याचे नव्हते. हे केवळ देवालाच दिसत होते.

वाचकहो, हे कोण लिहीत आहे ते पाहा. ज्याचा देश गेला तो लिहीत आहे. त्या राजाराणीला दोष देण्याचा पुरता हक्क त्याला होता. तोलेदोच्या गल्ल्या तो आपल्या पुस्तकात आठवीत बसला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण आपल्या लोकांसाठी त्याने सकाळची एक सवय लिहून ठेवली. हातचे सारे जाऊ शकते, पण जे राहिले आहे ते दान आहे हे विसरू नका. रोज सकाळी ते नव्याने हातात घ्या आणि देणाऱ्याला आधी पाहा, असे तो सांगतो. देश जाणे त्याच्या हातात नव्हते. उरलेल्या वचनाला क्षुल्लक न मानणे त्याच्या हातात होते.

आपल्याविषयी

आम्ही उपदेश करणाऱ्यांपैकी आहोत, म्हणून हे वाचून आमचेच काळीज चरकले. शनिवारी रात्री, उद्या काय बोलावे ह्या घाईत, आम्ही किती वेळा पवित्र शास्त्र उघडले आहे! विषय हवा, तीन मुद्दे हवेत, एखादा दाखला हवा. सुताराने पेटीतून हत्यार काढावे तसे आम्ही वचन काढले, वापरले आणि परत ठेवले. उपदेश झाला, लोकांनी बरा झाला म्हणून सांगितले. पण त्या रात्री ते वचन आम्हांला कोणी दिले आहे, हे आमच्या मनात क्षणभरही आले नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला काही उणे दिसले नसते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनाही हे लागू आहे. धड्याची तयारी, मुलांची हजेरी, सोनेरी वचनाचे पाठांतर, वार्षिक परीक्षा. सारे व्यवस्थित चालते. मुले मात्र आपल्या हातांकडे पाहतात. हे पुस्तक उघडताना शिक्षकाच्या तोंडावर आनंद आहे की नुसती घाई आहे, हे त्यांना चटकन कळते. आपल्या मंडळ्या मराठी बोलत दूरदूरच्या शहरांत राहतात. पुढच्या पिढीच्या तोंडी ही भाषा राहील की नाही, उपासनेला ती येईल की नाही, ह्याची चिंता आपण सभांतून करतो. ती खरी चिंता आहे. पण रब्बी योना यांनी सांगितलेले ते जुने उत्तर आपण आधी आपल्याला लावून पाहावे. वचन आपल्या घरात आहे, आपल्या भाषेत आहे, छापलेले आहे, स्वस्त आहे. ते मोलाचे आहे का?

यहूदी लोकांचे नियम आपल्यावर बंधनकारक नाहीत. आपले तारण कृपेने आहे, नियमांच्या पालनाने नाही, आणि जे वचन देही झाले त्याला आपण ओळखतो. तर मग आपल्याजवळ धन्यवाद करण्यास अधिकच कारण आहे. ज्यांनी कमी पाहिले असे आपण म्हणतो ते रोज सकाळी धन्यवाद करतात, आणि ज्यांनी पुत्राला पाहिले ते मुकाट्याने पान उलटतात, हे कसे?

म्हणून आमची एक लहान सूचना आहे. येत्या रविवारपासून धडा उघडण्यापूर्वी शिक्षकाने पुस्तक हातात धरून एक वाक्य आपल्या शब्दांत म्हणावे: हे वचन दिल्याबद्दल धन्यवाद. मुलांनी आमेन म्हणावे. घरीही तसेच करावे. आईने करावे, आजोबांनी करावे. मग लगेच वाचावे, थोडे का होईना, म्हणजे धन्यवाद फुकट जाणार नाही. आणि कामावर गेल्यावर परत येण्याचे मनात ठेवावे.

रब्बी योसेफ कारो वल्हांडण सणाच्या तोंडावर, १५७५ साली, साफेद येथे वारले. गावाखालच्या जुन्या स्मशानभूमीत त्यांची कबर आहे. ज्या स्पेनातून त्यांना लहानपणी निघावे लागले तेथे ते परत कधी गेले नाहीत. पण त्यांनी मांडलेले मेज अजून मांडलेलेच आहे, आणि जेथे जेथे त्यांचे लोक आहेत तेथे सकाळी पुस्तक उघडण्याआधी कोणीतरी क्षणभर थांबते. तो क्षण आपल्याही घरी यावा, हीच आमची प्रार्थना.